अजून अर्धा तास

केमोसाठी बायकोच्या छातीत, कातडीखाली बसवलेल्या पोर्टमधून आज रक्तच येईना. नर्सने दोनदा सिरिंज ओढून पाहिली.

"नळीच्या टोकाला गुठळी झालीय. ती विरघळवायचं औषध आत सोडलंय. अर्धा तास थांबू."

"तार घालून नाही का निघणार?" नवऱ्याने विचारलं. तो प्लंबर होता.

"काका, हे बेसिन नाही."

तो ओशाळून गप्प बसला. तसा आजार कळल्यापासून चार महिने तो गप्पच होता.

"तुम्ही कसं हो काढता तुंबलेलं?" बायकोने विचारलं.

आधी त्याने नुसता हात उडवला. मग एका बेसिनमधून कवळी काढल्याचं सांगितलं. मालकाने ती तिथंच धुऊन तोंडात घातली होती. बायको पोट धरून हसली, तसा तो खुलला. मोरीत अडकलेला खेळण्यातला हत्ती झाला, तीन मजले भिजवणारा नळ झाला.

"लोकांच्या घरी तोंड चालतं गं माझं," तो म्हणाला. "आपल्या घरी आलो, तुला बघितलं, की मात्र..."

तेवढ्यात नर्स आली. रक्त बघवत नाही म्हणून त्याने सवयीने खिडकीकडे तोंड फिरवलं. सिरिंज सहज लाल झाली. नर्स आनंदाने काही बोलणार, तोच बायकोने तिचं मनगट दाबलं आणि नवऱ्याकडे बघत हळूच नकारार्थी मान हलवली.

"काका, अजून अर्धा तास लागेल हं," नर्स म्हणाली आणि जाताना पडदा ओढून गेली.

बायको त्याच्याकडे वळली. "मला बघितलं की मात्र काय?"