उरलेला अर्धा कोयता

'अर्धा कोयता' ही ऊसतोडीवरची शतशब्दकथा माझी. फेसबुकच्या एका समूहात ती दिसली तेव्हा वर नाव माझंच होतं, फोटोही माझाच. खातं मात्र माझं नव्हतं. खाली चारशे लाइक्स. मी तक्रार केल्यावर समूहाच्या ॲडमिननं दोघींनाही कमेंटमध्ये एकच प्रश्न टाकला: "अर्धा कोयता म्हणजे काय?" त्या दुसऱ्या 'मी'नं मिनिटात लिहिलं, "मोडकं पातं. तुटलेल्या संसाराचं प्रतीक." लगेच बदाम पडू लागले. गॅलरीत मेथी निवडत बसलेल्या आईला मी ते वाचून दाखवलं. तिचा हात थांबला. "मोडकं? आगं, टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हनत्यात. तुजा बाप गेला तवापासून मुकादम मला अर्धा कोयता म्हनायचा. कोयता धड हुता, मानूस न्हवता." मी तिचं बोलणं जसंच्या तसं टाकलं. बदाम थांबले, त्या दुसऱ्या 'मी'नं कमेंट काढली.

ता. क. स्पर्धेचे शंभर शब्द वर संपले. पण खातं बंद होण्याआधी त्या दुसऱ्या 'मी'नं इनबॉक्समध्ये विचारलं, "चुकलं, ताई. कथा काढते. एकच सांगा, अर्ध्या कोयत्यावर भागत नसेल. मग गावाहून तोडीला आईंच्या जोडीला कोण जायचं?" माझ्या कथेला आजवर शेकडो लोकांनी दाद दिली, त्यांतल्या एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. चोरी करायला आलेल्या बाईला पडला. ब्लॉक करायला नेलेलं बोट मी मागं घेतलं आणि लिहिलं, "मी. सहावीत होते."