किल्ली देताना

गाडीच्या सीटखाली इन्व्हर्टर बसला, बॅटरीपासून जाड वायर आली आणि मागच्या दरवाज्याजवळ घरातल्यासारखं थ्री-पिनचं सॉकेट लागलं. राकेशने त्यात बल्ब लावून बघितला. लागला. मग फडकं घेऊन त्याने सॉकेटवरचे बोटांचे ठसे पुसले. त्याच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानाच्या दारात उभी राहून त्याची बायको, पूजा, ते पुसणंसुद्धा बघत होती.

शेजारच्या तिच्या पार्लरमध्ये आरशामागचा प्लग सहा महिने ठिणग्या मारतोय. ती रोज सांगते, तो रोज म्हणतो, बघतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आणि सायलीच्या जुन्या गाडीला मात्र साहेब सकाळपासून चिकटून बसले होते.

सायली पूजाच्याच हाताखाली शिकलेली. भुवई कोरताना हात थरथरायचा तिचा. आज दिंडोरीची नवरी तिची होती. त्याच नवरीच्या थोरल्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी पूजाने नटवलं होतं; धाकटीच्या वेळी त्या लोकांनी साधा फोनही केला नाही. तिकडे लग्नाच्या लॉन्सवर ऐन वेळी लाइट जाते, म्हणून सायलीने गाडीतच विजेची सोय करून घेतली. हे आपल्याला का सुचलं नाही, याचाही पूजाला राग येत होता. खरं सांगायचं तर ती जळत होती, आणि ते तिचं तिला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात राकेशला अंबडहून फोन आला, एक टेम्पो बंद पडला होता. जाता जाता त्याने किल्ली पूजाच्या हातात दिली आणि बजावलं, की या सॉकेटवर केसांचा स्ट्रेटनर चालेल, बल्ब चालतील, पण ड्रायर अजिबात लावायचा नाही. फ्यूज उडाला तर तिथे बसवून द्यायला कोणी नाही. किल्ली देतानाच सांग तिला, म्हणाला.

सायली आली. पूजाने किल्ली दिली. सांगितलं काहीच नाही.

सायलीने सॉकेटचं बटण उगाच दोनदा चालू-बंद केलं आणि स्वतःशीच हसली. डिकीत बॅग ठेवताना तिची चेन उघडी राहिली. वरच मोठा काळा ड्रायर होता. पूजाला तो दिसला, आणि त्याच्यामागोमाग ओल्या केसांची नवरी, मुहूर्ताची घाई आणि दिंडोरीभर होणारा बोभाटाही दिसला. होऊ दे, कळू दे त्यांनाही, असं तिच्या मनात आलं.

गाडीत बसता बसता सायली परत खाली उतरली. चपला काढल्या, ओढणी सावरली आणि भर रस्त्यात पूजाच्या पायांवर डोकं टेकवलं. पूजाकडे शिकलेली प्रत्येक मुलगी पहिल्या नवरीला जाताना पाया पडूनच जायची, पार्लरची तशी रीतच होती. पण सायलीने आता स्वतःचं पार्लर काढलं होतं. तिला आठवण राहील असं पूजाला वाटलं नव्हतं.

“ताई, पहिलीच नवरी आहे. भीती वाटतेय.”

पूजाचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

“ड्रायर इथेच ठेवून जा,” ती म्हणाली. “या सॉकेटला झेपायचा नाही. नवरीला आत्ताच फोन कर, केस वाळवून बस म्हणावं.”

सायलीने तिथूनच फोन लावला. मग ड्रायर पूजाच्या हातात देऊन ती निघाली.

तासाभराने राकेश परत आला. टेबलावरचा ड्रायर बघून म्हणाला, “बरं झालं, सांगितलंस. बरोबर घेऊनच आली होती म्हणजे. काढायला लावलास ना, किल्ली देतानाच?”

“नाही,” पूजा म्हणाली. “तेव्हा ती पाया पडली नव्हती.”