लांबून आल्याचा फेटा

सकाळी नऊला देवळात फेट्याचं ताट आलं. जत्रेला सगळ्यात लांबून येणाऱ्याला फेटा बांधायची गावाची रीत. अकरा वर्षं तो गुवाहाटीत सोनं गाळणाऱ्या आकारामालाच मिळत होता. यंदा बिरदेव दुबईहून आला, आणि आकारामाच्या पोटात दुखू लागलं. त्याने मोबाइल म्हाताऱ्या पुजाऱ्यांपुढे धरला.

"बगा आण्णा, मुंबईपास्नं इमानानं दुबई एकोणीसशे किलोमीटर. गुवाहाटी दोन हजाराच्या वर!"

"आनि यायला किती येळ लागला रं?"

"आवं, औंदा मीबी इमानानंच! साडेतीन तास," आकाराम बिरदेवाकडे बघत म्हणाला.

"मग ऱ्हायलं की! फेटा किलोमीटरला न्हाई गड्या, वाटंतल्या दिसांना असतो."

 

फेटा अजून ताटातच आहे. आकारामाच्याच गुवाहाटीतल्या दुकानातला कोंडीबा तीन दिवसांपूर्वी रेल्वेने जत्रेला निघालाय. त्याची गाडी मिरजेला पोचलेली नाही.