आबांचा बीपी

आबांची छाती मिनिटाला अठ्ठावीस वेळा वर येत होती. डावी बाजू उजवीपेक्षा किंचित उशिरा; आतली एक झडप झिजली होती. काचेअलीकडे बसलेल्या ऑपरेटरबाईंखेरीज हे कोणाच्या लक्षात येत नसे. आबा रबराचे होते. श्वास, नाडी आणि आवाज त्यांना बाई पुरवत.

आजचा प्रश्न सरळ होता. सलाइनमधून इंजेक्शन सुरू केल्यावर आबांना त्याची जबर ॲलर्जी आली आहे. घशात घरघर, अंगावर उठलेल्या गांधी, वरचा बीपी सत्तर. निवासी डॉक्टर मुलीने हे ओळखायचं, ॲड्रेनॅलिन द्यायचं आणि आबांना वाचवायचं. बाहेरून आलेले परीक्षक कोपऱ्यात गुणांचा तक्ता घेऊन बसले होते. मुलीचा हा दुसरा आणि शेवटचा प्रयत्न. आबा मेले की तिची तीन वर्षं पाण्यात.

पहिल्या प्रयत्नात आबा मेलेच होते.

काच अशी होती की इकडून तिकडचं दिसे, तिकडून इकडचं नाही. इकडे बाईंच्या शेजारची खुर्ची विभागप्रमुखांची. या मुलीवर त्यांचा राग का, हे विभागात शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एका बाळंतिणीसाठी तिने सरांना फोन केला, सर पावणेतीन तासांनी आले, तोवर बाळंतीण गेली होती. मुलीने केसपेपरवर फोनची आणि सर आल्याची, दोन्ही वेळा लिहिल्या. पान बदलून लिही असं तिला सांगण्यात आलं. तिने लिहिलं नाही.

“पोरी, दम लागतोय गं,” बाई माइकमध्ये म्हणाल्या. यंत्राने त्यांचा आवाज घोगरा करून आबांच्या तोंडून काढला. सर हसले. बाईंनी नाटकातच जायला हवं होतं, इथे उगाच वाया गेल्या, असं म्हणाले.

मुलीने वेळ घालवला नाही. सलाइनमधून जाणारं औषध बंद केलं, ऑक्सिजन लावला, पाय वर घ्यायला सांगितले. ॲड्रेनॅलिन, अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. मदतीला दिलेल्या सिस्टरांनी डोस मोठ्याने परत म्हटला आणि दिला. सव्वा मिनिट झालं होतं. परीक्षकांनी चार चौकटींत खुणा केल्या.

औषध बरोबर पडलं की बीपी आपोआप चढावा, अशी यंत्राची रचना होती. अठ्ठ्याहत्तर. शहाऐंशी.

“खाली घ्या,” सर म्हणाले.

डोस बरोबर आहे, असं बाई हळूच म्हणाल्या. त्यावर सरांनी समजावलं की पेशंट काही पुस्तक वाचून आजारी पडत नाहीत.

बाईंनी बीपी उतरवणारा बाण दाबून धरला. अडुसष्ट. पडद्याच्या तळाशी नोंद उमटली : हाताने केलेला बदल, ऑपरेटर. त्या नोंदीत सरांच्या नावाला जागाच नव्हती.

काचेपलीकडे मुलीने मॉनिटरवर विश्वास न ठेवता मनगटावर बोटं ठेवली आणि नाडी मोजली. सलाइन जोरात सोडलं, मदतीला माणूस बोलावला, पाच मिनिटं भरताच दुसरा डोस दिला. ब्याण्णव.

“खाली.” या वेळी सरांनी मोबाइलवरची नजरही उचलली नाही. डॉक्टरचा हात औषधावर चालला पाहिजे, पेनावर नाही, हे एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं, एवढं मात्र ते पुढे म्हणाले.

बाण. चौऱ्याहत्तर, साठ, चोपन्न.

तीन वर्षांत सरांच्या सांगण्यावरून अशी पाडलेली ही चौथी. दर वेळी बाईंनी डीनना पत्र लिहिलं होतं आणि दर वेळी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. आधी नोकरी कायम होऊ दे म्हणून. मग लेकीचं शिक्षण होऊ दे म्हणून. नोकरी कायम झाली होती. लेक कमावती झाली होती. पत्रं ड्रॉवरमध्येच होती. आणि पडद्यावरची नोंद खोटी नव्हती. बोट ऑपरेटरचंच होतं.

“सिस्टर, माझं काय चुकतंय?” मुलीचा आवाज फाटला होता. “डोस बरोबर सांगितला ना मी?”

सिस्टरांनी रिकामी कुपी उजेडात धरून पुन्हा वाचली. “बरोबर आहे, मॅडम.”

परीक्षक घड्याळाकडे बघत होते. तक्त्यातली शेवटची चौकट रिकामी होती. मुलगी आबांवर वाकली, त्यांच्या रबरी खांद्याला हात लावून तिने विचारलं, आबा, ऐकू येतंय का, मी इथेच आहे.

“उत्तर देऊ नका,” सर म्हणाले. “शून्य करून टाका आता. जेवायची वेळ झाली.”

बाईंनी बाणावरचं बोट काढलं. आवाज घोगरा करणारं बटण बंद केलं आणि माइक जवळ ओढला. सरांना वाटलं, शेवटचं कण्हणं असेल. ते खुर्चीतून उठायलाही लागले होते.

आबांच्या तोंडून बाईचा आवाज आला तशी मुलगी दचकून मागे सरली. परीक्षकांनी मान वर केली.

“डॉक्टर, मी ऑपरेटर बोलतेय. तुमचं काहीही चुकलेलं नाही. आबांना तुम्ही दोनदा वाचवलंत. दोन्ही वेळा त्यांचा बीपी मी हाताने पाडला, शेजारी बसलेल्या सरांनी सांगितलं म्हणून. आता पाडणार नाही.”