पहिली फेरी

"स्टेअरिंगचं चाक दोन इंच तरी मोठं बसवा, चाचा. तात्यांच्या हातात आता जोर नाय राहिला. मोठं असलं की हलकं फिरंल ना?"

"फिरंल की," कमरोद्दीन म्हणाला. जुन्या गाड्यांची स्टेअरिंगं दुरुस्त करण्यात, बदलण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. आज सुदर्शनच्या मोटारसायकलवर मागं बसून, नवं चाक गळ्यात अडकवून तो संभाजीनगरहून देवगाव रंगारीला आला होता. वाटेत शाळेची पोरं बघून हसली. हसोत बापडी!

"पण बेटा, तात्यासाहेबांचे हात चालत नाय तर गाडी तू का नाय चालवत?"

"मला तात्या चाकाला शिवू देत नायत. दर गुरुवारी लासूर स्टेशनला जायचं म्हणजे जायचं. आईला आणायला. साडेपाचची गाडी." सुदर्शनचा आवाज खाली आला. "मागच्या खेपेला शिवना नदीच्या पुलापाशी त्यांना वळणच घेता आलं नाय. मी मधी हात घातला, पण चाक वळतंय कुठं? लई जड. थोडक्यात वाचलो, चाचा."

कमरोद्दीननं उघड्या दारातून आत बघितलं. समोरच्या भिंतीवर एका बाईचा फोटो होता. चंदनाचा हार, कपाळावर ओलं कुंकू. त्याला सगळं उमजलं आणि त्याचा जीव कळवळला. त्याची बायको हसीना गेली तेव्हा तोही सहा महिने रोज सकाळी दोन कप चहा ओतत होता. पण तो चहा होता. ही गाडी होती.

पोर्चमध्ये क्रीम रंगाची फियाट उभी होती. पन्नास वर्षांची गाडी, पण पुसून लख्ख. पुढच्या बाजूचा पत्रा नवा, रंग जरासा वेगळा. मागच्या बंपरला मधुमालतीच्या वेलानं वेढा घातला होता. आणि ड्रायव्हरच्या जागेवर ऐंशीचे तात्यासाहेब दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसले होते.

"रामराम, तात्यासाहेब. जरा उतरता का? आधी खालून ग्रीस मारतो."

"खालचं काय बघायचं नाय, उस्ताद. वरचं चाक तेवढं बदला."

म्हातारा भलताच हेकट होता.

कमरोद्दीनचा एक नेम होता. चाक बसवलं की पहिली फेरी मालकाबरोबर गाडीत बसून मारायची. आपल्या हाताचा आपल्याला भरवसा आहे हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे, असं तो म्हणायचा. चाळीस वर्षांत त्यानं तो मोडला नव्हता. आज पहिल्यांदा त्याला त्या नेमाची भीती वाटली. स्वतःसाठी नव्हे हो! त्याचं काय, पिकलं पान. त्याला धास्ती वाटली ती सुदर्शनची. हा पस्तिशीचा पोरगा दर गुरुवारी मुकाट बापाशेजारी बसतो, स्टेशनवर जातो, रिकाम्या हातानं परत येतो. असा पोरगा नशिबानं मिळतो. आणि हा बाप एक दिवस त्याला नदीत घालणार.

त्यानं मनाशी ठरवलं. चाक बसवायचं, पण खालचा, पुढच्या टायरांना वळवणारा दांडा गुपचूप सोडवून ठेवायचा. मग सांगायचं, सामान तुटलंय, आता मिळत नाय. उभ्या जन्मात त्यानं खोटं काम केलं नव्हतं. आज करायचं होतं. अल्लाह माफ करील.

"सुदर्शन, बेटा, चहा टाकतोस का?"

"टाकतो. कपडे पण बदलून येतो. आज गुरुवार, पाच वाजत आले," म्हणत सुदर्शन आत गेला.

कमरोद्दीन पोतं टाकून गाडीखाली सरकला. बॅटरी लावली, पाना उचलला आणि तसाच थांबला.

दांडा आधीच सुटलेला होता. दोन्ही बोल्ट गायब. लोंबणारं टोक कुणीतरी सुतळीनं वर बांधून टाकलं होतं. दांड्याच्या टोकावर गंज चढला होता आणि बोल्टच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधून कधीच सोडूनही दिलं होतं. हे काल-परवाचं काम नव्हतं. लासूर राहू द्या, ही गाडी कित्येक महिन्यांत फाटकाबाहेरसुद्धा गेली नव्हती.

तो बाहेर आला. तात्यासाहेब खिडकीतून वाकून त्याचीच वाट बघत होते.

"बघितलंत?"

"कुणी सोडवलं हे?"

"मीच. दोन वर्षं झाली. त्या पुलापाशी सुदर्शनची आई गेली, क्रेननं गाडी आणून टाकली, त्याच दिवशी."

"म्हंजी तुम्हाला ठाऊक हाय, बाई आता..."

"हळू बोला, उस्ताद. सुदर्शनला कळता कामा नये. पाया पडतो तुमच्या. चाक बसवा."

कमरोद्दीनला काही सुधरेना. त्यानं जुनं चाक काढलं, नवं बसवलं, नट आवळला. चाक एका बोटानं गरगर फिरलं.

"मग तात्यासाहेब, दर गुरुवारी तुम्ही हे चालवता तरी कुणासाठी?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं घराच्या उघड्या दाराकडं बघितलं.

तेवढ्यात सुदर्शन बाहेर आला. इस्त्रीचा सदरा, चोपून बसवलेला भांग, हातात घडी केलेली एक बायकी शाल. चहाचं तो विसरूनच गेला होता. बापाच्या हातात चाक हलकं फिरताना बघून त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला.

"झालं की हो हलकं! आता पुलापाशी भ्या नाय. बसा चाचा मागं, तुमची पहिली फेरी."

कमरोद्दीन मागच्या सीटवर बसला. तात्यासाहेबांनी चावी फिरवली. इंजिन घरघरलं. सुदर्शन पुढं बापाशेजारी बसला, मागं वळला आणि हातातली शाल त्यानं कमरोद्दीनच्या शेजारी अलगद ठेवली.

"चाचा, जरा पलीकडं सरकून बसा," तो म्हणाला. "येताना तिथं आई बसंल."