अंगणातला डाव

जपान्यांच्या कैदेतून सुटून बलभीम आपल्या गावी, बेंबळीला परतला. रोज अंगणात चौकटी आखायचा, काळेपांढरे खडे मांडायचा आणि नुसता बघत बसायचा. सारवताना त्याची बायको सारजाबाई ते खडे उधळून द्यायची. तो पुन्हा तसेच्या तसे मांडायचा.

एकदा ती वैतागली. "एकट्यानं कुणासंगं खेळताय?"

"खेळत न्हाय, बघतोय. तिकडं जपानात ह्याच खड्यांच्या खेळात दोन उस्तादांची किताबासाठी लढत चालली होती. आमच्यावरचा पहारेकरी त्या खेळापायी येडा. रेडिओवर ऐकलेला डाव तारंच्या पल्याड मांडायचा, म्या अल्याडनं बघायचो. मलाबी नाद लागला."

"ज्यानं तुमाला उपाशी मारलं, त्याच्यासंगं?"

"व्हय. पुढचा डाव त्याच्याच गावात होणार होता. लेकरावानी हसत सांगितलं त्यानं."

"मग जिंकलं कोण?"

"त्याच्या गावावर बाँब पडला. हिरोशिमा. लेकरंबाळं तिथंच होती त्याची. त्यानं पुन्हा खडं मांडलंच न्हायत. ह्यो त्यानं मांडलेला शेवटचा डाव."

दुसऱ्या दिवशी सारजाबाईनं सगळं अंगण सारवलं, तेवढा डाव सोडून.