हवा सोडलेली चाकं

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वाळूच्या टेकड्यांवर जायचं म्हणून वेंडेलने घरगाडी दारात आणून उभी केली आणि तिच्यामागे वाळूत पळवायची छोटी मोटार, बग्गी, जोडली. त्याची बायको लोर्ना सामानाची यादी करत बसली.

सकाळी पाहिलं तर बग्गीच्या चारही चाकांतली हवा कमी झालेली. वाळूत उतरताना चाकं रुतू नयेत म्हणून सोडतात तेवढीच, अगदी मोजून.

"तुला जरा म्हणून दम निघत नाही," लोर्ना हसली. "टेकड्या अजून पंचवीस मैल लांब आहेत."

"मी कुठे सोडली?" म्हणत वेंडेलने हवा भरली.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. पंप घेऊन गेलेला वेंडेल आत येईना, म्हणून लोर्ना बाहेर आली. तो फाटकाशी उभा होता. गल्लीतल्या सगळ्या गाड्या मऊ चाकांवर बसल्या होत्या, टपालाची गाडीसुद्धा.

"ते बघ," तो हळूच म्हणाला.

शाळेच्या छपरामागून केशरी निशाण वर येत होतं. वाळूच्या टेकडीआडची बग्गी समोरच्याला दिसावी म्हणून तिच्यावर उंच काठीला लावतात, तसलं. इंजिनाचा आवाज नव्हता.

शाळेमागे तर सपाट मैदान होतं. तरी निशाण सावकाश चढत होतं, आणि चढण संपत नव्हती.